परिचर्या शिक्षण : पदविका की पदवी? प्रवेशद्वार एकच, पुढच्या वाटा वेगळ्या

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की वैद्यकीय आणि अभियांत्रिकी प्रवेशांची चर्चा सुरू होते. त्या गदारोळात परिचर्येच्या, म्हणजे नर्सिंगच्या प्रवेशाकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. तरीही देशातील लाखो सामान्य कुटुंबांसाठी याच दिवसांत एक मोठा निर्णय व्हायचा असतो. मुलीला, आणि आता वाढत्या प्रमाणात मुलालाही, तीन वर्षांच्या ‘जीएनएम’ पदविकेला पाठवायचे की चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंग पदवीला? एक वर्ष जास्त, शुल्क जास्त आणि शेवटी काम तर तेच, असा एक युक्तिवाद घरात होतो. पदवीशिवाय पुढे काही नाही, असा दुसरा होतो. दोन्ही युक्तिवादांत तथ्य आहे, मात्र दोन्ही अपुरे आहेत.

पदविका आणि पदवी यांतील अंतर नोकरीच्या पहिल्या दिवशी जवळजवळ दिसत नाही. ते पाच, दहा, पंधरा वर्षांनी दिसू लागते. त्यामुळे हा प्रश्न केवळ पहिल्या पगाराचा नाही. पुढची कोणती दारे उघडी राहतील आणि ती उघडी ठेवण्याचा खर्च कोण करील, हा खरा प्रश्न आहे.

दोन अभ्यासक्रम, एकच नोंदणी

जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी, म्हणजेच जीएनएम, हा पदविका अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे. त्यासाठी बारावी उत्तीर्ण असावे लागते. विज्ञान शाखेला प्राधान्य असले तरी कला किंवा वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळतो. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे असून त्यासाठी बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय आवश्यक असतात. पदवीचा अभ्यासक्रम आता सत्र पद्धतीने, आठ सत्रांत शिकवला जातो. महाराष्ट्रात पदवीची परीक्षा नाशिकचे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ घेते, तर पदविकेची परीक्षा राज्याच्या शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळामार्फत होते.

अभ्यासक्रम पूर्ण झाल्यावर मात्र दोघींची नोंदणी एकाच ठिकाणी होते. राज्याच्या परिचर्या परिषदेकडे पदविकाधारक आणि पदवीधर दोघीही नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत प्रसाविका म्हणून नोंदल्या जातात. कक्षातील रुग्णाला आपल्याला सलाइन लावणारी सिस्टर पदविकाधारक आहे की पदवीधर, हे कळत नाही. बहुतेक वेळा त्यांच्या पाळीच्या वेळापत्रकातही तसा भेद नसतो.

भारतात पदवी शिक्षणाचा आरंभ १९४६ मध्ये झाला. त्या वर्षी दिल्लीत आणि वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात असे अभ्यासक्रम सुरू झाले. दिल्लीतील महाविद्यालयाला पुढे देशाच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर यांचे नाव देण्यात आले. म्हणजे पदवी आणि पदविका या दोन वाटा जवळपास ८० वर्षे समांतर चालत आल्या आहेत. त्यांतील एक बंद करावी, असा विचार वेळोवेळी पुढे आला. जीएनएम अभ्यासक्रम टप्प्याटप्प्याने थांबवून सर्व शिक्षण पदवी स्तरावर न्यावे, अशी भूमिका काही वर्षांपूर्वी नियामक पातळीवरही मांडली गेली होती. प्रत्यक्षात पदविका आजही सुरू आहे. त्याचे कारण पुढे पाहू.

पगारपत्रकात फरक कुठे?

सरकारी नोकरीचा विचार केला, तर मूळ वेतनात पदवीला वेगळी किंमत मिळत नाही. महाराष्ट्र शासनाच्या सेवेत अधिपरिचारिका या पदासाठी ३५,४०० ते १,१२,४०० रुपये ही वेतनश्रेणी आहे. त्या पदासाठी पदविका आणि पदवी दोन्ही ग्राह्य धरल्या जातात. केंद्र सरकारच्या रुग्णालयांत नर्सिंग ऑफिसर सातव्या वेतनस्तरावर, म्हणजे ४४,९०० रुपयांच्या मूळ वेतनावर रुजू होते. तेथेही पदवीधरासाठी वेगळा स्तर नाही. रेल्वेच्या नर्सिंग सुपरिंटेंडंट पदालाही हाच स्तर लागू आहे आणि तेथेही दोन्ही पात्रता चालतात.

फरक पात्रतेच्या अटींमध्ये आहे. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थांसाठी, म्हणजे एम्ससाठी, २०२० पासून ‘नॉर्सेट’ ही सामायिक परीक्षा घेतली जाते. नोंदणी झालेल्या पदवीधराला ती अनुभवाविना देता येते. पदविकाधारकाला मात्र किमान ५० खाटांच्या रुग्णालयातील दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. हिशेब सरळ आहे. पदवीधर चार वर्षांनी या परीक्षेच्या दारात उभी राहते, तर पदविकाधारक तीन अधिक दोन, म्हणजे पाच वर्षांनी. एक वर्ष वाचवण्यासाठी निवडलेली वाट या ठिकाणी एक वर्ष लांबते. अर्थात, त्या दोन वर्षांत तिला काही ना काही पगार मिळत असतो, हेही विसरता येत नाही.

खासगी क्षेत्राचे चित्र वेगळे आहे. तेथील परिचारिकांच्या अल्प वेतनाचा प्रश्न ट्रेन्ड नर्सेस असोसिएशन ऑफ इंडिया या संघटनेने सर्वोच्च न्यायालयात नेला. २९ जानेवारी २०१६ रोजी न्यायालयाने केंद्राला तज्ज्ञ समिती नेमण्याचे निर्देश दिले. समितीने केलेल्या शिफारशी आजही वाचण्याजोग्या आहेत. २०० पेक्षा अधिक खाटांच्या खासगी रुग्णालयात राज्य सरकारी परिचारिकेइतके वेतन असावे. १०० ते २०० खाटांच्या रुग्णालयात ते सरकारी वेतनापेक्षा १० टक्क्यांहून अधिक कमी नसावे. ५० ते १०० खाटांसाठी ही मर्यादा २५ टक्के ठेवण्यात आली. ५० पेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही दरमहा २० हजार रुपयांपेक्षा कमी वेतन नसावे, असे समितीने म्हटले.

या शिफारशींचा आधार रुग्णालयाचा आकार आहे, परिचारिकेची पदवी नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. परंतु आरोग्य हा राज्यांच्या अखत्यारीतील विषय असल्याने अंमलबजावणी राज्यांवर सोपवली गेली आणि बहुतांश ठिकाणी ती अपुरी राहिली. परिणामी, लाखोंचे शुल्क भरून पदवी घेतलेली मुलगीही लहान खासगी रुग्णालयात तुटपुंज्या पगारावर काम करताना दिसते. पदवी पगाराची हमी देत नाही, हे पालकांनी प्रवेशाच्या वेळीच समजून घ्यायला हवे.

दहा वर्षांनंतरची दारे

पदवीचे खरे मोल बढती आणि उच्च शिक्षणात आहे. एम.एस्सी. नर्सिंगसाठी पदवी अनिवार्य आहे. अध्यापन, संशोधन, विशेषज्ञ परिचर्या आणि प्रशासनातील वरिष्ठ पदे या सर्वांचा मार्ग तेथून जातो. अतिदक्षता विभागातील ‘नर्स प्रॅक्टिशनर’ या पदव्युत्तर निवासी अभ्यासक्रमालाही पदवीच लागते. कक्षात वर्षानुवर्षे काम करून परिसेविका होता येते. परंतु परिचर्या महाविद्यालयात प्राध्यापक व्हायचे असेल, तर अनुभवाची पुंजी एकटी पुरत नाही.

लष्करी परिचर्या सेवा हे दुसरे उदाहरण. पुण्याचे सशस्त्र दल वैद्यकीय महाविद्यालय आणि मुंबईचे नौदलाचे ‘अश्विनी’ रुग्णालय यांसह लष्कराच्या परिचर्या महाविद्यालयांत मुलींना चार वर्षांची पदवी दिली जाते. त्यानंतर त्या अधिकारी म्हणून सेवेत दाखल होतात. बाहेरून शॉर्ट सर्व्हिस कमिशनमार्फत या सेवेत येणाऱ्या उमेदवारांकडेही परिचर्येची पदवी असावी लागते. केवळ जीएनएमच्या आधारावर हे दार उघडत नाही.

ग्रामीण आरोग्यव्यवस्थेतही असाच बदल दिसतो. आयुष्मान भारत योजनेतील आरोग्यवर्धिनी केंद्रांत, म्हणजे आताच्या आयुष्मान आरोग्य मंदिरांत, समुदाय आरोग्य अधिकारी हे नवे पद निर्माण झाले. सुरुवातीच्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत पदविकाधारक परिचारिकेलाही सहा महिन्यांच्या प्रमाणपत्र प्रशिक्षणानंतर या पदावर येण्याची मुभा होती. पुढे हे प्रशिक्षण पदवीच्या अभ्यासक्रमातच समाविष्ट करण्यात आले, त्यामुळे त्या अभ्यासक्रमाच्या पदवीधरांची वाट सोपी झाली. जिथे डॉक्टर रोज पोहोचत नाही, तिथे स्वतंत्रपणे निर्णय घेणारी परिचारिका शासनाला हवी आहे आणि त्या भूमिकेसाठी तिचा कल पदवीकडे आहे.

परदेशाचा हिशेब

अनेक कुटुंबांच्या मनात परदेशातील नोकरी असते. तेथे सर्व देशांचे नियम सारखे नाहीत. ब्रिटनच्या परिचर्या परिषदेची संगणकीय आणि प्रात्यक्षिक परीक्षा नोंदणीकृत जीएनएम परिचारिकाही देऊ शकते. जर्मनीत मूळ व्यावसायिक प्रशिक्षणच तीन वर्षांचे असल्याने तेथे पदविकेची तुलना त्या प्रशिक्षणाशी होते. खरी कसोटी जर्मन भाषेची लागते. सौदी अरेबियात मात्र वर्गीकरणाच्या वेळीच भेद होतो. पदवीधराची गणना विशेषज्ञ श्रेणीत होते, तर पदविकाधारकाची तंत्रज्ञ श्रेणीत, आणि पगार व बढती त्यानुसार ठरतात.

महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळ पुरवठ्याबाबत करार केला, त्यात आरोग्यसेवेचाही समावेश आहे. अशा संधींचा विचार करणाऱ्यांनी आधी देश ठरवावा, मग अभ्यासक्रम. ‘परदेशी जायचे म्हणून पदवी’ किंवा ‘पदविकेवरही परदेशी जाता येते’ ही दोन्ही विधाने देशाचे नाव घेतल्याशिवाय निरर्थक आहेत.

अमेरिका आणि युरोपचा धडा

हा पेच भारतापुरता नाही. अमेरिकेत सामुदायिक महाविद्यालयांतील सुमारे दोन वर्षांची ‘असोसिएट’ पदवी आणि विद्यापीठातील चार वर्षांची पदवी या दोन्हींनंतर एकच परवाना परीक्षा द्यावी लागते. तेथेही नोंदणी एक आणि पुढच्या संधी भिन्न, अशीच स्थिती आहे. २०१० मध्ये तेथील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २०२० पर्यंत ८० टक्के परिचारिका पदवीधर असाव्यात, असे उद्दिष्ट सुचवले. न्यूयॉर्क राज्याने २०१७ मध्ये कायदा केला. त्याने असोसिएट पदवीचे दार बंद केले नाही. नव्याने परवाना मिळवणाऱ्या परिचारिकेने १० वर्षांच्या आत पदवी पूर्ण करावी, एवढेच त्याने सांगितले. आधी नोकरी, मग पदवी, असा हा मधला मार्ग आहे.

पदवीचा रुग्णाला काय लाभ होतो, याचेही पुरावे आहेत. लिंडा एकेन आणि सहकाऱ्यांनी युरोपातील नऊ देशांच्या ३०० रुग्णालयांतील चार लाखांहून अधिक शस्त्रक्रिया-रुग्णांचा अभ्यास २०१४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केला. पदवीधर परिचारिकांचे प्रमाण १० टक्क्यांनी वाढले, की रुग्णाच्या मृत्यूची शक्यता सुमारे ७ टक्क्यांनी कमी होत असल्याचे त्यात आढळले. मात्र त्याच अभ्यासाचा दुसरा निष्कर्षही तितकाच महत्त्वाचा आहे. परिचारिकेवर एका रुग्णाचा अधिक भार पडला, की मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते.

युरोपातील आकडे भारतातील कक्षांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. त्यांतील अर्थ मात्र आपल्यालाही लागू आहे. आपल्याकडील निकषांनुसार अध्यापन रुग्णालयाच्या सर्वसाधारण कक्षात तीन रुग्णांमागे एक परिचारिका असावी. रात्रपाळीत एकट्या परिचारिकेकडे त्याच्या अनेक पट रुग्ण सोपवले जात असतील, तर तिच्याकडील पदवीचा उपयोग रुग्णापर्यंत पोहोचायला वेळच उरत नाही. शिक्षणाचा दर्जा आणि मनुष्यबळाची संख्या या दोन गोष्टी एकमेकींना पर्याय ठरू शकत नाहीत.

कायदा नवा, प्रश्न जुना

१९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याची जागा घेण्यासाठी संसदेने ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायदा संमत केला. प्रवेशाची एकसमान प्रक्रिया, संस्थांचे मूल्यमापन आणि राष्ट्रीय नोंदवही ही त्याची प्रमुख वैशिष्ट्ये आहेत. त्याआधी एप्रिल २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने २०१४ नंतर स्थापन झालेल्या वैद्यकीय महाविद्यालयांलगत १५७ नवी शासकीय परिचर्या महाविद्यालये उभारण्यास मंजुरी दिली. त्यासाठी १,५७० कोटी रुपयांची तरतूद असून दरवर्षी सुमारे १५,७०० पदवीधर बाहेर पडतील, अशी अपेक्षा आहे. धोरणाचा रोख पदवीकडे आहे, यात शंका नाही.

हा रोख योग्यच आहे. मात्र पदवीकडे जाण्याचा रस्ता सर्वांसाठी खुला आहे काय? तालुक्याच्या गावात जिथे कनिष्ठ महाविद्यालयात विज्ञान शाखाच नाही, किंवा घरच्यांनी मुलीला कला शाखेतच घातले, तिथे बी.एस्सी. नर्सिंगचे दार सोळाव्या वर्षीच बंद होते. अशा मुलीसाठी जीएनएम हीच या व्यवसायाची वाट आहे. तीन वर्षांची पदविका, नोंदणी आणि त्यानंतर दोन वर्षांची पोस्ट बेसिक बी.एस्सी. असे करून तीही पदवीधर होऊ शकते. म्हणजे पदविका ही कमी प्रतीची पायरी नसून विज्ञान शाखा न मिळालेल्यांसाठी पदवीकडे नेणारी एकमेव शिडी आहे. पदविका बंद करण्याचा विचार करताना हीच शिडी काढून घेतली जाईल, याचे भान ठेवावे लागेल.

या शिडीची दुसरी पायरी आज महाग आहे. पोस्ट बेसिक अभ्यासक्रम पूर्णवेळ करायचा, तर दोन वर्षांचा पगार सोडावा लागतो. सरकारी सेवेतील परिचारिकेला शिक्षणासाठी प्रतिनियुक्तीचा आधार असतो. खासगी रुग्णालयातील परिचारिकेला तो क्वचितच मिळतो, आणि देशातील परिचारिकांचा मोठा हिस्सा खासगी क्षेत्रातच आहे. नव्या शासकीय महाविद्यालयांत पोस्ट बेसिकच्या जागा पुरेशा ठेवणे, कामावर असतानाच शिकता येईल अशा सोयी निर्माण करणे आणि विद्यावेतन देणे, ही नव्या आयोगाची आणि राज्यांची खरी परीक्षा ठरेल. न्यूयॉर्कने दिलेल्या १० वर्षांच्या मुदतीतून घेण्यासारखे काही असेल, तर ते हेच.

निवड करताना

तोवर निर्णय कुटुंबांनाच घ्यायचा आहे. त्यासाठी काही गोष्टी स्पष्टपणे सांगता येतात.

बारावीला विज्ञान असेल आणि शासकीय किंवा परवडणाऱ्या महाविद्यालयात जागा मिळत असेल, तर पदवीच घ्यावी. एका वर्षाच्या बचतीसाठी ती सोडणे शहाणपणाचे नाही. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या कुटुंबांतील आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून घेतलेल्या व्यावसायिक प्रवेशांसाठी शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. मिळालेली जागा या सवलतीत बसते का, हे प्रवेश निश्चित करण्यापूर्वी तपासावे. संस्थास्तरावरील थेट प्रवेशाला ती लागू होईल, असे गृहीत धरू नये.

पर्याय मोठे कर्ज काढून मिळणारी खासगी पदवी किंवा चांगल्या रुग्णालयाशी संलग्न जीएनएम असा असेल, तर मात्र पदविकेचा विचार संकोच न करता करावा. त्यासोबत पोस्ट बेसिक कधी आणि कसे करायचे, याचा आराखडा सुरुवातीलाच मनात हवा. नोकरी, लग्न, मुले या क्रमात तो पुढे ढकलला गेला, की बहुधा राहूनच जातो.

अभ्यासक्रमाच्या नावाइतकीच संस्था महत्त्वाची आहे. परिचर्या पुस्तकातून येत नाही, ती खाटेशेजारी शिकली जाते. संस्थेला स्वतःचे किमान १०० खाटांचे रुग्णालय आहे का, तेथे प्रत्यक्षात रुग्ण असतात का, प्रसूतिकक्ष आणि अतिदक्षता विभागात विद्यार्थ्यांना किती काळ काम करायला मिळते, हे प्रश्न प्रवेशापूर्वी विचारावेत. शक्य असल्यास शेवटच्या वर्षाच्या विद्यार्थिनींशी बोलावे. रिकाम्या खाटांचे रुग्णालय दाखवून दिलेली पदवी गजबजलेल्या जिल्हा रुग्णालयात मिळवलेल्या पदविकेची बरोबरी करू शकत नाही.

बेळगाव, इंदूर, वडोदरा किंवा हैदराबाद येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी आणखी एक बाब पाहावी. परिचारिकेची नोंदणी राज्यनिहाय होते. कर्नाटकात शिकून महाराष्ट्रात नोकरी करायची असेल, तर आधी तेथील परिषदेत नोंदणी आणि मग ना-हरकत प्रमाणपत्रासह महाराष्ट्राच्या परिषदेत नोंदणी, असा प्रवास करावा लागतो. संस्थेला संबंधित राज्याच्या परिषदेची मान्यता आहे का आणि राष्ट्रीय परिषदेच्या यादीत तिचे नाव आहे का, या दोन्ही गोष्टी संकेतस्थळावर स्वतः पाहाव्यात. दलालाच्या शब्दावर विसंबू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२५ च्या अहवालानुसार जगात अजूनही सुमारे ५८ लाख परिचारिकांची कमतरता आहे. भारतात ३३ लाखांहून अधिक परिचर्या कर्मचारी नोंदणीकृत असले, तरी हजार लोकसंख्येमागील त्यांची संख्या दोनच्या आसपास आहे. या व्यवसायात येणाऱ्या प्रत्येकीची, पदविकाधारक असो वा पदवीधर, देशाला गरज आहे. गरज असूनही तिच्या शिक्षणाचा भार तिच्या आईवडिलांनी आणि तिच्या बढतीचा भार तिने एकटीने उचलावा, ही आजची रीत आहे. ती बदलेपर्यंत पदविका की पदवी, या प्रश्नाचे उत्तर गुणवत्तेपेक्षा घरच्या परिस्थितीवरच ठरत राहील.